प्लॅस्टिकचा कागद, घोंगडं आणि एक रुपयाची पुडी

आज तुम्हाला खरेदीचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की राजे, लढाया आणि सनावळी आठवतात. पण आपल्या घरात वस्तू कुठून आल्या, कुणी बनवल्या, त्यांचे पैसे कुणी दिले आणि जुन्या झाल्यावर त्या कुठे गेल्या, हाही इतिहासच आहे. त्यातला बराचसा आपल्या आया-आज्यांच्या हातून घडला, म्हणून कुणी लिहून ठेवला नाही.

सुरुवात आपल्या म्हसवडपासूनच करू. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली उभी राहिली. ती कशी सुचली, हे चेतना गाला सिन्हा यांनी ठिकठिकाणी सांगितलं आहे. रस्त्याच्या कडेला लोखंडाचं काम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला बँकेत खातं काढायचं होतं. रोजचे थोडे पैसे बाजूला टाकायचे होते, आणि बँक एवढ्या छोट्या रकमेसाठी खातं काढून देत नव्हती. पैसे कशासाठी साठवायचेत, तर पावसाळ्याच्या आत एक प्लॅस्टिकचा कागद विकत घ्यायचा होता. पालावर अंथरायला, म्हणजे पावसात पोरंबाळं भिजणार नाहीत.

प्लॅस्टिक वाईट, ते वापरू नका, असं आपण आता सगळीकडे ऐकतो. मीही बैठकीत सांगते. पण बायकांच्या हाती बचत यावी म्हणून जी बँक निघाली, तिच्या गोष्टीत पहिली इच्छा प्लॅस्टिकच्या कागदाचीच आहे. त्या बाईला कुणी सांगितलं असतं, की बाई गं, हे पर्यावरणाला चांगलं नाही, तर तिनं काय उत्तर दिलं असतं? तेव्हा खरेदीबद्दल बोलताना मी एक फरक धरून चालते. तो कागद फाटेपर्यंत वर्षानुवर्षं वापरला जातो. फाटला की त्याचे तुकडे कडब्याच्या गंजीवर, जळणावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर जातात. आणि एक रुपयाची पुडी दोन मिनिटांत रिकामी होऊन ओढ्यात जाते. दोन्ही प्लॅस्टिकच, पण दोन्हींना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही.

प्लॅस्टिकचा कागद यायच्या आधी पावसात डोक्यावर काय होतं? घोंगडं. माणदेशात घोंगड्याइतकी कामाची वस्तू दुसरी नसेल. मेंढरांमागं जाताना पावसात त्याची खोळ करून डोक्यावर घ्यायची, रात्री पांघरायचं, पाहुणा आला की अंथरायचं, धान्य वाळत घालायचं, आणि देवाच्या कार्यात त्याच्यावरच बसायचं. दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरायची. लोकर पिंजायची आणि सूत काढायचं काम बहुतेक बायकांचं. विणायचं काम सनगरांचं आणि खुटेकर धनगरांचं, खड्ड्याच्या मागावर. विणून झालं की चिंचोक्याची खळ देऊन ते ताठ करायचं. चिंचोका म्हणजे चिंच खाऊन झाल्यावर उरलेलं बी. तेसुद्धा वाया गेलं नाही.

यात कुठेही काही फेकून द्यायला उरत नव्हतं. घोंगडं झिजलं की त्याची घडी घोड्याच्या पाठीवर किंवा जनावराखाली जायची, मग त्याचे तुकडे व्हायचे, आणि शेवटी ते मातीत मिसळायचं. आणि त्याचे पैसे किंवा धान्य ज्याच्या हातात पडायचं, तो माणूस आपल्या ओळखीचा असायचा. घोंगडं विरळ निघालं तर यात्रेत गाठून त्याला बोलता यायचं.

मग ते गेलं का? चांगली वस्तू नुसती चांगली आहे म्हणून टिकत नाही. घोंगडं टोचतं, जड असतं, ते धुवायचं म्हणजे नदीला पाणी पाहिजे, आणि आपल्या माण नदीला पाणी किती दिवस असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच वेळी बाजारात मऊ, रंगीत, स्वस्त ब्लँकेटं आली. अशी पुष्कळ ब्लँकेटं हरियाणातल्या पानिपतची. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तिथं फाडून, पिंजून त्याचं पुन्हा सूत करतात. म्हणजे दुसऱ्यांच्या टाकलेल्या कपड्याचं पांघरूण आपण विकत घेतलं आणि आपली लोकर टाकून दिली. हे मी उगाच म्हणत नाही. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या भावातून सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर पडलेली दिसते. मटणाला भाव आहे, त्यामुळे माडग्याळ जातीची मेंढरं वाढली. ती मेंढरं अंगानं मोठी, पण त्यांना लोकर जवळजवळ नाहीच. एक वस्तू घ्यायची आपण बंद केली, तर मागावरचा माणूस, सूत काढणारी बाई आणि शेवटी मेंढीची जातसुद्धा बदलली. खरेदीला इतकी ताकद असते.

आता घरात या. जुन्या लुगड्याची वाकळ सगळ्यांना माहीत आहे. लुगडं फाटलं की त्यातला धड भाग पोरीच्या परकराला, मग झबलं, मग दुपटं, मग वाकळीचा थर, आणि अगदीच चिंधी झाली की चुलीजवळचं फडकं. वाकळ शिवायला दुपारी चारजणी जमायच्या. ते शिवणकाम कुणी विकत घेत नव्हतं आणि त्याचा हिशोबही कुणी धरत नव्हतं.

मग बोहारीण आली. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टीलची भांडी, आणि बदल्यात जुने कपडे. मला वाटतं बायकांच्या खरेदीच्या इतिहासात बोहारणीला मोठी जागा मिळायला हवी. घरातला पैसा पुरुषाच्या खिशात, बाजार पुरुषानं करायचा, आणि बाईच्या हातात रोकड नाही. अशा बाईला नवऱ्याला न विचारता करता येणारी ही एक खरेदी होती. दोन शर्ट, एक पँट, एक साडी, आणि त्यावर तास तासभर घासाघीस करून डबा नाही तर परात. बोहारीण ते कपडे नेऊन निवडायची, धुवायची, टाके घालायची आणि विकायची. धड कपडा दुसऱ्याच्या अंगावर जायचा, चिंधी कारखान्यात यंत्रं पुसायला जायची. आज शहरांत ज्याला कचऱ्याचं वर्गीकरण म्हणतात, ते या बाया पाठीवर गाठोडी घेऊन पायी करत होत्या. त्यांना कुणी कधी प्रमाणपत्र दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

जुनं सगळं सोनं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई लागायची आणि चिंच-राखेनं घासून हात सोलायचे. स्टील आलं तेव्हा बायका सुटल्या. नायलॉनची, पॉलिस्टरची साडी आली तेव्हा दुष्काळी भागातल्या बाईनं ती आनंदानं घेतली. ती बादलीभर पाण्यात धुऊन होते, तासात वाळते आणि शेतातल्या कामाला वर्षानुवर्षं टिकते. पाळीच्या वेळी अंधारात वाळवलेल्या ओल्या फडक्यानं काय काय झालं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या आज्या काटकसरीच्या होत्या, हे खरंच. पण त्यातली किती काटकसर मनानं केलेली आणि किती पर्याय नसल्यामुळे, हेही विचारलं पाहिजे.

आपला पैसा कुणाच्या हातात जातो, हा प्रश्न विचारायची रीत मात्र आपल्याकडे जुनी आहे, आणि ती शिकवणाऱ्यांत एक माणूस सातारचाच होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांचा जन्म १८२८ चा, साताऱ्यातला. १८७७ साली दिल्लीला इंग्रजांचा मोठा दरबार भरला, तिथं ते हातानं कातलेल्या, विणलेल्या सुताचे कपडे घालून गेले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते! आणि ती वेळ कोणती होती? इकडे दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता. आपला राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळाच्या काळातल्या कामाची आठवण आहे. लोक मातीच्या पाट्या वाहत होते, आणि कापडाचा पैसा मँचेस्टरला जात होता. पुढं ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. होळीची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. मला मात्र कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची गोष्ट जास्त जवळची वाटते. १९१६ साली तिथं ओगल्यांचा काचकारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. कंदिलाची काच फुटली तर फक्त काच बदलायची, वात संपली तर फक्त वात. कंदील तोच. आता चार्जिंगची बॅटरी बिघडली तर दुकानदार म्हणतो, दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या. दुरुस्त होणारी वस्तू आणि दुरुस्त न होणारी वस्तू यांच्यातला फरक किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो, तो आपणच विचारावा लागतो.

स्वदेशीतही एक अडचण होती. खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडायची. ज्याच्याकडे दोन पैसे जास्त होते त्याला देशप्रेम परवडत होतं. आजही विषमुक्त धान्य, कापडी पिशवी, मातीची भांडी यांचे भाव ऐकले की तेच आठवतं. चांगली खरेदी ही श्रीमंताची चैन होऊन बसली, तर तिचा आपल्याला काय उपयोग?

यावर एक उत्तर सापडलं ते दुष्काळानंतरच. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वयस्कर बायकांनी पाहिला आहे. खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. त्याच वर्षी मुंबईत महागाईविरोधात बायका रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले. तेल, रवा, साखर हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी मोठमोठ्या मंत्र्यांना ऐकवलं. त्याच काळात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहकांची चळवळ सुरू केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची पद्धत साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा. महिन्याची यादी आधी द्यायची, पैसे आधी भरायचे. सगळ्या संघांच्या याद्या एकत्र करून माल ठोक घ्यायचा, शक्यतो बनवणाऱ्याकडूनच. तो एका घरी उतरायचा, आणि सगळ्यांनी मिळून मोजून वाटून घ्यायचा. हे काम मुख्यतः बायकांनीच चालवलं. यादी आधी करावी लागते, म्हणून नको ते घेतलं जात नाही. ठोक येतो, म्हणून वेष्टन कमी. बनवणारा माहीत असतो, म्हणून जाब विचारता येतो. तिन्ही गोष्टी एकाच कामात होतात, आणि माल महागही पडत नाही.

हे झालं महिन्याचा पगार येणाऱ्या घरांचं. रोजंदारीवाल्या बाईच्या हातात एकदम महिन्याचे पैसे येतच नाहीत. तिच्यासाठी पुडी आली. पुडीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तमिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन नावाचे एक गृहस्थ होते. पैसेवाला जे वापरतो ते हमालाला आणि रिक्षा ओढणाऱ्यालाही घेता यावं, अशी त्यांची कल्पना. त्यातून छोट्या पुड्या आल्या, आणि १९८० च्या सुमारास त्यांच्या मुलांनी शाम्पूची पुडी गावोगाव नेली. कल्पना वाईट नव्हती. त्यांच्या एका मुलाच्या ‘चिक’ कंपनीनं तर पुढं पाच रिकाम्या पुड्या आणा आणि एक भरलेली फुकट न्या, अशी योजना काढली होती. अर्थात ती गिऱ्हाईक मिळवायला होती, कचऱ्यासाठी नव्हती. पण बघा, रिकाम्या पुडीला किंमत आली की लोक ती गोळा करून परत आणतात, हे कंपन्यांना तेव्हापासून माहीत आहे! आज तीच पुडी भंगारवालासुद्धा घेत नाही, कारण तिच्यात दोन-तीन प्रकारचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे होत नाहीत.

आपल्या बँकेची दुसरी गोष्ट इथं उपयोगाला येते. बँकेचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, तिचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावं. परवाना मिळाला. मैत्रिणींनो, तोच तोंडी हिशोब पुडीला लावा. समजा पाच रुपयांच्या मसाल्याच्या पुडीत दहा ग्रॅम मसाला आहे. शंभर पुड्यांचा किलो झाला, म्हणजे पाचशे रुपये किलो. मिरची, धने आणून कांडपातून आणलेला मसाला कितीला पडतो, ते तुम्हीच काढा. चहा, साबण पावडर, तेल, सगळ्यांना हे करून बघा. शाम्पूचं मात्र बऱ्याचदा उलटं निघतं. पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. तिथं पैसा वाचत नाही, फक्त कचरा वाचतो, आणि तसं स्पष्ट सांगून मगच बाटली किंवा शिकेकाई घ्यायची की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. खोटा फायदा दाखवून बायकांना काही करायला लावू नये, असं माझं मत आहे.

कायदे आले आहेत. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटं-वाट्यांवर बंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या वेळी पाच हजार रुपये दंड आहे. पुढं १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या काही वस्तू बंद झाल्या. तरी सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदानात काय पडलेलं असतं, ते आपण पाहतो. लग्नात थर्माकोल गेलं आणि आतून चकाकणारी कागदी ताटं आली. त्या चकाकीतही बऱ्याचदा प्लॅस्टिकच असतं. जनावरं ती खरकट्यासकट खातात.

यावर आपल्या गावांत जुना तोडगा होता, गावकीची भांडी. देवळात किंवा तालमीत मोठी पातेली, पराती, ताटं ठेवलेली असायची. लग्नकार्याला न्यायची, घासून परत आणून द्यायची, हरवलं तर भरून द्यायचं. मंडप-केटररवाले आले आणि ती भांडी कुठल्या तरी खोलीत धूळ खात पडली, काही मोडीत गेली. आता काही ठिकाणी बचत गटांनी स्टीलची ताटं-पेले घेऊन भाड्यानं द्यायला सुरुवात केली आहे. त्याला भांडी बँक म्हणतात. गटाच्या कर्जातून हे सहज होतं. पण आधी ठरवा, की घासायचं कुणी. घासणारीला मजुरी धरली नाही, तर महिनाभरात सगळं काम एकीच्याच गळ्यात पडतं आणि भांडी बँक बंद होते.

आमच्या गटांत सध्या ठोक खरेदीची चर्चा चालू आहे. तेलाचा डबा, साखर, चहा, कपड्याचा साबण एवढ्यावर सगळ्यांचं जमलं आहे. ज्यांना एकदम पैसे भरता येत नाहीत, त्यांना अंतर्गत कर्जातून द्यायचे आणि आठवड्याच्या बचतीबरोबर फेडून घ्यायचे, इथपर्यंतही आलो. अडलं आहे ते वेगळ्याच ठिकाणी. एका मावशींनी विचारलं, “दुकानदाराकडनं काहीच घेतलं न्हाई, तर आजारपणात रात्री अकराला मी त्याच्या दाराशी कोणत्या तोंडानं जाऊ? उधारी तोच देतो.” तोही गावातलाच आहे, त्याचीही पोरं आपल्याच शाळेत आहेत. दुसरी म्हणाली, मग त्यालाच यादी देऊ, ठोक माल त्यानं आणावा, पुड्या न करता आणावा, आणि त्याचं कमिशन आपण ठरवू. तिसरी म्हणाली, तो वजनात मारतो. मग काटा कुणाचा वापरायचा, यावर तास गेला. पुढची बैठक अमावस्येनंतर आहे. काटा गटानं घ्यायचा की त्याचाच तपासून घ्यायचा, ते तेव्हा ठरेल.